माझ्या हातचा इटलीवाला

एका माणसाचा मला फार राग येतो. त्यानं माझं काही घेतलं नाही, मला कधी बघितलं नाही, मी जिवंत आहे की मेलो हेसुद्धा त्याला माहीत नाही. तो इटलीत राहतो. मी तंजावुरात, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. तो फुटबॉल खेळतो, डिफेंडर आहे, म्हणजे मागे उभा राहून गोल वाचवणारा. मी पण डिफेंडर होतो. फरक एवढाच, तो चांगला होता म्हणून त्याला मागे उभं केलं, आणि मला पळता येत नव्हतं म्हणून मला मागे उभं केलं.

मी राग म्हणतो. बायको म्हणते, "राग कसला अहो, पोट दुखतं तुमचं. चांगलं दुखू दे, तेवढंच कमी होईल."

पोट दुखायचं कारण आमची पोरगी. एकच आहे. कॉलेजात शिकते, कॉलेजच्या टीममध्ये खेळते, आणि खेळते कुठे? मागे. बापाची जागा. माझी छाती फुगली होती. पण कुणी तिला विचारलं, खेळ कुणाकडून शिकलीस ग, की ती फोन काढून दाखवते. फोनात तो. उंच, गालफडं बसलेली, काळी दाढी, कपाळावर कसली तरी शिवण घातलेली खूण. म्हणते, "हा माझा गुरू."

गुरू घरात बाहुल्या रंगवत बसलाय, आणि ही इटलीत शोधते.

बाहुल्यांचं सांगतो. तो माझा धंदा. शाळेत मी कधी गेलो नाही. गेलो तो भिंतीपलीकडे पडलेला बॉल आणायला. बापानं लहानपणीच लगदा मळायला बसवला. तंजावुराला दोन बाहुल्या होतात. एक मान हलवणारी, वारा आला तरी हो-नाही-हो-नाही करत बसते. दुसरी राजा-राणी. तिचं बूड गोल, आत जड माती, वर कागदाचा लगदा, हलका. ढकला, आडवी होते. हात काढला की उभी. मी ही दुसरी करतो. मैदानावर पोरं मला बोम्मै म्हणायची, म्हणजे बाहुली. मला वाटायचं, पाडलं तरी उठतो म्हणून म्हणतात. खूप वर्षांनी कळलं, बुडामुळे म्हणत होते.

आता मुख्य भांडण सांगतो. इटलीवाल्याची एक सवय आहे. गोलाजवळ समोरचा बॉल घेऊन आला की हा दोन्ही हात पाठीमागे बांधतो, आणि तसाच, पोलिसानं धरलेल्या चोरासारखा, त्याच्यासमोर सरकत राहतो. पोरीनं मला ते दाखवलं. "बघा अप्पा, काय स्टाइल आहे!"

मी उडालोच. म्हणालो, "हे माझं आहे! मी असाच खेळायचो! हात मागे!"

"तुम्ही?"

"विचार कुणालाही. राजवाड्याच्या मैदानावर सगळ्यांना माहीत होतं. हा शाळेत पण नव्हता तेव्हा."

पोरगी मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "अप्पा, तो हँडबॉल होऊ नये म्हणून हात मागे ठेवतो. तुम्ही चड्डी पडू नये म्हणून ठेवत होता."

हे तिला आईनं सांगितलं होतं. आईला माझ्या बहिणीनं. आमच्या घरात गोष्ट अशी जाते, बॉलपेक्षा जोरात. खरं आहे, ती चड्डी मामाची होती. मामा जाड, मी तेव्हा बारीक, नाडी तुटलेली. पण मी विचारतो, कारण काही असू दे, हात कुठे होते? मागेच होते ना?

"हो अप्पा," ती म्हणाली. "एकच हात होता, पण."

तिच्यामुळे त्याची सगळी जन्मकथा मला पाठ झाली. जेवताना तीच चालायची. सांबाराबरोबर इटली, ताकाबरोबर इटली. डोंगराकडच्या गावचा, बाप दुधाची गाडी चालवायचा. पोरगा असतानाच मोठ्या क्लबनं उचलला. उचलला तो उचलला, आणि खेळायला घेतला नाही. लहान लहान क्लबांना उसना दिला. शेजारी इडलीचं भांडं मागून नेतात आणि परत द्यायचं विसरतात, तसं त्याचं झालं. एका क्लबाकडून दुसऱ्याकडे, पावसात, चिखलात. हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

"मला पण उसना नेला होता," मी म्हणालो. "तिरुवैयारुच्या टीमनं. त्यांचा एक माणूस कमी पडला होता."

"मग?"

बायको भात वाढता वाढता म्हणाली, "मग काय, हाफटाइमला परत केला."

परत केला हे खरं. ते म्हणाले, दहा जणांत बरं चाललं होतं आमचं.

इटलीवाल्याला पण परत बोलावलं, पण खेळायला बोलावलं. मग गुडघा फुटला. वर्षभर घरी. सगळे म्हणाले, संपला. परत आला आणि कॅप्टन झाला. मग देशासाठी खेळताना एका मोठ्या मॅचमध्ये यानं स्वतःच्याच गोलात बॉल मारला. डोकं लावायला गेला आणि आत. सगळ्या देशानं शिव्या घातल्या. बापाच्या दुधाच्या गाडीवर कुणी काय काय लिहून ठेवलं. आणि पुढच्या मॅचला हा परत तिथेच उभा राहिला, हात मागे बांधून. पोरीला हा भाग सगळ्यात आवडतो. सांगताना तिचे डोळे भरतात.

मी म्हणालो, "स्वतःच्या गोलात मी तीन-चार तरी मारलेत."

कुणाचे डोळे भरले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जळतोस कशाला, जा, पोरीची मॅच बघ, तिला चार गोष्टी सांग. तेच करायला गेलो होतो. त्यामुळेच माझं मैदानावर जाणं बंद झालं.

मागच्या वर्षीची गोष्ट. तिची ओरत्तनाडुच्या कॉलेजशी मॅच होती. मी कडेला उभा. जुन्या मराठी राजांबरोबर इथे आलेल्या आमच्या गल्लीतल्या लोकांची एक जुनी हुशारी आहे: घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि बाहेर काही गुपचूप बोलायचं असलं की परत मराठी. बाजारात भाजीवालीसमोर बायको म्हणते, "सडलीय, घेऊ नका," आणि भाजीवालीकडे बघून हसते. बसमध्ये, दवाखान्यात, लग्नात, आमचं हेच चालतं. कुणाला काय कळतंय?

तर मी कडेवरून पोरीला मराठीत ओरडू लागलो. गळा काढून. "उजवीकडे ये ग! तुझी उजवी बाजू उघडी आहे! आपली गोलकीपर पुढे आलीय, मागे काही नाही!" सगळं मैदान तमिळ, मी एकटा बिनधास्त. मनात म्हणालो, बघ इटलीवाल्या, हे तुला जमेल का?

समोरची एक पोरगी, लांब वेणीची, माझं ऐकता ऐकता थांबली. माझ्याकडे बघितलं. मग बॉल घेतला, आमच्या पोरीच्या उजवीकडून गेली, आणि पुढे आलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून आत टाकला. गोल. परत जाताना माझ्यासमोर आली आणि गोड आवाजात म्हणाली, "थँक्स हां, मामा. उजवी बाजू खरंच उघडी होती."

अशा मराठीत की माझ्या आत्त्याला पण तशी येत नसेल. ओरत्तनाडुलाही आपली माणसं आहेत, हे मला माहीत होतं. माझ्या चुलत आत्त्याला तिथेच दिलीय. पण ओरडताना आठवण कुणाला राहते?

त्या एका गोलानं आमची टीम हरली. पोरगी माझ्याबरोबरच परतली. मोपेडवर मागे बसली होती, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता, गरम. दारात उतरून म्हणाली, "अप्पा, आता माझ्या मॅचला येऊ नका."

"अग, त्या पोरीला मराठी येते हे मला काय..."

"इटलीवाला पण मला शिकवतो. तो ओरडत नाही."

तेव्हापासून माझं पोट खरं दुखायला लागलं. तिच्या मॅचच्या दिवशी मी घरी बसून राजे रंगवायचो. एकेका राजाच्या मिशीवर किती राग काढला ते गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही. मला दुसरं काही नको होतं. तिनं एकदा, नुसतं एकदा, दारातून वळून म्हणावं, चला अप्पा. बस. पण ती दारातून जायची, कानात इटली घालून.

मग नवरात्र आलं. नवरात्रात आमच्याकडे कोलु मांडतात. लाकडी पायऱ्या, त्यावर पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, अंथरून बाहुल्या लावायच्या, देव, राजे, वाणी, लग्नाची मिरवणूक. दर वर्षी एक तरी नवीन बाहुली लागते. बाहुल्यावाल्याचं घर, म्हणून आमच्याकडे ती माझ्याच हातची असायची. दर वर्षी मी पोरीला विचारायचो, यंदा काय करू?

यंदा तिनं न विचारता सांगितलं. "अप्पा, यंदा त्याला करा."

"कुणाला?"

"इटलीवाल्याला. हात मागे बांधलेला. पाडला तरी उठणारा. गुडघा फुटला तरी उठला ना तो? राजा-राणीसारखाच करा."

मी बायकोकडे बघितलं. बायको सुंडलासाठी, म्हणजे प्रसादाच्या उसळीसाठी, हरभरे निवडत होती, मान खाली, खांदे हलत होते. हसत होती.

आयुष्यात असं कुणावर आलं नसेल. ज्याच्यावर जळतो त्याला स्वतःच्या हातानं घडवायचं, ते पण कधी न पडणारा. माती भरताना मनात आलं, जरा कमी भरू. जरासं कमी भरलं की बाहुली पडते आणि पडूनच राहते. कुणाला कळलं नसतं. पण हात माझं कुठे ऐकतो? हात बापाकडे शिकलाय. मी मनात कमी म्हणत राहिलो आणि हातानं पुरेपूर भरली, वर दाबून बसवली.

घोटाळा पुढे झाला. माझ्या हाताला एकच चेहरा येतो. बापानं शिकवलेला. मोठे डोळे, फुगलेले गाल, दोन हनुवट्या. राजा करा, पोलीस करा, डॉक्टर करा, चेहरा तोच. मी फोन समोर ठेवून गालफडं बसवायला बघितली. बसेनात. दाढी काढली, कपाळावर शिवण काढली, निळी जर्सी घातली, पाठीवर हात बांधले, मागे नंबर घातला. बाजूला ठेवून बघितलं, तर निळ्या जर्सीत मी उभा. दाढी लावलेला मी. बापानं चेहरा आमच्याच घरातला बघून शिकवला असणार, दुसरा कुणाचा बघणार?

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हटलं, घे. आता पोरगी रोज हळदकुंकवाला येणाऱ्या बायकांना काय सांगते बघू.

पहिल्या दिवशी शेजारच्या मामी आल्या. पायऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "अय्यो, अप्पाची बाहुली केलीस! किती छान! पोट पण बरोबर जमलंय."

पोरगी म्हणाली, "नाही मामी, तो इटलीचा आहे."

मामींनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं, बाहुलीकडे बघितलं. "सेरि, सेरि," म्हणजे बरं बरं, असं म्हणून सुंडल घेऊन गेल्या.

रोज हेच. रोज कुणीतरी म्हणायचं, हा तर तुझा बाप, आणि रोज पोरगी सांगायची, नाही, इटलीचा. एकीला तर फोन काढून दाखवला. चेहरा माझा, पोट माझं, हात माझे, माती मी आणलेली, आणि नाव त्याचं. असं जळायला मी कुणाचं काय केलं होतं?

आणि त्यातच एका दुपारी पोरगी फोन हातात धरून जिन्यावर बसली. उठेना. त्याचा गुडघा परत गेला होता. त्यानं सांगून टाकलं, आता बस, आता खेळणार नाही. फोनात ते सगळं होतं. तो मैदानाच्या मधोमध एकटा, सगळे लोक उभे, टाळ्या थांबत नाहीत. दाढीत पांढरे केस दिसत होते. तो रडत होता, पण कसा? हात मागे बांधून.

मला बरं वाटलं. हो, वाटलं. आत जाऊन दोन वाट्या सुंडल जास्त खाल्लं. गेला एकदाचा. आता घरात डिफेंडर एकच. पण माझ्या रिटायर होण्याची पण आठवण झाली. एका संध्याकाळी मैदानावर गेलो, मामाची चड्डी घालून, तर माझ्या जागी दुसराच उभा होता. मी थोडा वेळ कडेला थांबलो, मग बॉल आणायला मी पाहिजे असेन म्हणून आणखी थोडा वेळ थांबलो, मग घरी आलो. टाळी एकच वाजली, मीच डास मारला होता.

बाहेर आलो तर पोरीनं काही खाल्लं नव्हतं. रात्री पण नाही. दुसऱ्या दिवशी नुसतं ताक. बायको मला म्हणाली, "झालं ना तुमच्या मनासारखं?"

मी काय केलं होतं? मी थोडाच इटलीत जाऊन गुडघा फोडला.

विजयादशमीच्या संध्याकाळी कोलु उतरायच्या आधी एक बाहुली आडवी करायची, झोपवायची, अशी रीत आहे. नवरात्र संपलं, आता विश्रांती घ्या, म्हणून. आमच्याकडे दर वर्षी जुन्या लाकडी जोडीतली एक झोपवतात. यंदा बायकोनं लाकडी राणीला हात लावला तेवढ्यात पोरगी पुढे आली. "अम्मा, यंदा त्याला झोपवू दे. खूप खेळला तो."

तिनं इटलीवाल्याला दोन्ही हातांनी धरलं, हळूच आडवं केलं, जसं तापातल्या माणसाला करतात. हात काढला.

तो उभा राहिला.

परत आडवं केलं. परत उभा, डुलत डुलत, पोट पुढे काढून. तिसऱ्यांदा तिनं थोडा वेळ दाबून धरलं, जणू झोप लागू दे म्हणून. सोडलं. उठला.

बायको पदर तोंडावर धरून वळली. पोरीला आधी हसू आलं, मग हसता हसता रडू आलं, आणि मग ती खाली बसून तशीच रडत राहिली. त्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळी रडली. म्हणाली, "अप्पा, हा झोपतच नाही."

इतकी वर्षं मला त्या माणसाला आडवा झालेला बघायचा होता. आता घरात सगळे तयार होते, परवानगी होती, मुहूर्त पण होता, आणि तो माझ्याच हातच्या मातीनं उठत होता.

"झोपवा ना त्याला," ती म्हणाली. "तुम्हीच केलाय."

तुम्हीच केलाय. नऊ दिवसांत हे तिनं पहिल्यांदा म्हटलं.

मी खांद्यावरचा टॉवेल काढला. त्याची गुंडाळी करून त्याच्या बुडाला एका बाजूनं अडकवली, दुसरं टोक मानेखाली घातलं. जड बूड कसं अडवायचं हे मला कळणार नाही तर कुणाला कळणार? रोज रात्री चटईवर तेच करतो. सोडलं. थोडा थरथरला आणि राहिला. माझा चेहरा, माझ्या टॉवेलवर, दाढी लावून, छताकडे बघत.

पोरीनं नाक पुसलं. मग त्याच्याकडे बघतच म्हणाली, "अप्पा, रविवारी ओरत्तनाडुशी मॅच आहे."

मी म्हणालो, "तीच वेणीवाली?"

"तीच." मग माझ्याकडे वळली. "येता?"

मी बाहुलीसारखा उठलो. ती म्हणाली, "थांबा. तोंड बंद ठेवायचं. तमिळ नाही, मराठी नाही, काही नाही. आणि हात मागे. हलवून दाखवायचं पण नाही, ती खुणा पण ओळखते."

"कबूल."

"शिट्टी वाजेपर्यंत."

"कबूल म्हटलं ना ग!"

रविवारी गेलो. कडेला उभा राहिलो, हात मागे, ओठ आत. वेष्टी बायकोनं पट्टा लावून बांधून दिली होती, म्हणजे दोन्ही हात मोकळे. वेणीवाली सुरुवातीलाच माझ्याकडे येऊन म्हणाली, "काय मामा, आज काही सांगणार नाही?" मी नुसता बघत राहिलो. जीभ दातांखाली धरली होती, रक्ताची चव येत होती.

मग ती बॉल घेऊन सुटली. दोघींना चुकवून गोलाजवळ आली. मध्ये आमची पोरगी एकटी. आणि आमच्या पोरीनं दोन्ही हात मागे घेतले. घाई नाही, उडी नाही. वेणीवाली डावीकडे झुकली, ही सरकली. उजवीकडे झुकली, ही सरकली. पडेल असं वाटलं, पडली नाही. मग हिचा पाय पुढे आला, आणि बॉल हिच्या पायाखाली, जणू घरचाच. लोक ओरडले. मी ओरडलो नाही. माझ्या घशात ओरडा बसला होता, अख्खा नारळ गिळल्यासारखा.

माझ्या शेजारी एक माणूस उभा होता, माझ्याच वयाचा, हातात मुरुक्कूची, म्हणजे चकलीची, पुडी. बहुतेक वेणीवालीचा बाप. त्यानं मला तमिळमध्ये काही विचारलं, मी बोललो नाही. मग माझ्या कपाळावरच्या, आमच्या लोकांच्या पद्धतीच्या गंधाकडे बघून मराठीत म्हणाला, "ती हात मागे बांधणारी तुमची का? फार छान. कुणी शिकवलं हो तिला हे?"

बघा. आयुष्यभर या प्रश्नाची वाट बघितली. कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारलं तेव्हा शिट्टी वाजायला अजून वेळ होता.

पोरीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, लांबून, कमरेवर हात ठेवून.

मी मान हलवली. हो पण नव्हे, नाही पण नव्हे. आमच्या तंजावुराची ती मान हलवणारी बाहुली हलवते तशी.

"म्हणजे तुम्हाला पण माहीत नाही," तो माणूस म्हणाला, आणि दया येऊन त्यानं एक मुरुक्कू माझ्यापुढे केला. घ्यावासा वाटत होता. पण हात मागे होते.